लहान चणीच्या माणसाने जुनी स्कायडायव्हिंग रिग घेताना माप कसं तपासायचं?

घारभरारी

नमस्कार मंडळी. अ‍ॅरिझोनात ईलॉयला एएफएफ (फ्रीफॉल शिकवणारा कोर्स) पूर्ण झालंय, ए हे पहिलं लायसन्स मिळालंय, एकूण ३४ जंप. आतापर्यंत ड्रॉपझोनची (उड्या मारायच्या तळाची) भाड्याची रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच) वापरली, आता स्वतःची सेकंडहँड घ्यायचा विचार आहे. उंची ५ फूट २ इंच, वजन ५८ किलो. सध्या १९० स्क्वेअर फुटांच्या कॅनपीवर (उघडलेल्या पॅराशूटवर) उतरते, लँडिंग बहुतेक उभ्यानेच होतात.

एक पूर्ण सेट विकायला आहे. जॅव्हेलिन कंटेनर (पॅराशूट भरायची पाठीवरची पिशवी), हार्नेसच्या (अंगावरच्या पट्ट्यांच्या) लेबलवर सी-१९. मेन (मुख्य कॅनपी) सेबर २, १७० ची, ६२० जंप झालेली, लाइन्स (कॅनपीच्या दोऱ्या) मूळच्याच. रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) पीडी कंपनीचा १७६आर, कधीच वापरावा लागलेला नाही. एएडी (गरज पडल्यास रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) व्हिजिल २, उत्पादन २०१२. सगळ्याचे ३,२०० डॉलर.

विकणारे ५ फूट ११ इंच, ८५ किलो. त्यांचं म्हणणं, लेग स्ट्रॅप नीट आवळले की कोणालाही बसते. मी अंगावर चढवून पाहिली. उभं असताना थोडी ढगळ वाटली, पण अगदीच वाईट नाही. प्रश्न असे:

१. पट्टे आवळून हे माप जमेल का? नसेल तर कशावरून ओळखायचं?
२. ६२० जंपनंतर मूळच्या लाइन्स म्हणजे काळजीचं कारण आहे का?
३. जुन्या एएडीची आणि रिझर्व्हची किंमत कशी धरायची?

---

तीन_रिंगा

ही रिग घेऊ नका. कॅनपी आणि एएडीचं नंतर बघू, सी-१९ हे माप तुमचं नाही आणि ते आवळून तुमचं होणारही नाही.

जॅव्हेलिनच्या लेबलवरचं अक्षर म्हणजे खांद्यावरच्या योकचं माप, आणि आकडा म्हणजे मेन लिफ्ट वेबची लांबी, इंचांत. मेन लिफ्ट वेब हा खांद्यासमोरच्या थ्री-रिंगपासून (मेन जिथून सुटते त्या तीन कड्यांपासून) छातीच्या बाजूने कमरेपर्यंत उतरणारा उभा पट्टा. कॅनपीखाली तुमचा सगळा भार याच दोन पट्ट्यांवर असतो. नेहमीच्या स्पोर्ट रिगमध्ये तो ठरावीक लांबीचा शिवलेला असतो. आवळता येतात ते फक्त लेग स्ट्रॅप आणि चेस्ट स्ट्रॅप. बऱ्याच स्टुडंट रिगमध्ये मात्र हा पट्टा लहानमोठा करता येतो, म्हणून शिकताना जी मिळेल ती रिग बसल्यासारखी वाटते. विकत घेताना ती सवय बाजूला ठेवा.

तुमच्या उंचीला साधारण १५ किंवा १६ इंच लागतील, धड लांब असेल तर कदाचित १७. म्हणजे इथे किमान दोन आणि बहुधा तीन-चार इंच जास्त आहेत. उभं राहिल्यावर ते कळत नाही, कारण रिग खांद्यांवर लटकलेली असते आणि जादा लांबी खाली जाते. नीट पाहिलं तर हिप रिंग कमरेच्या हाडाच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला दिसतील. कॅनपी उघडली की चित्र उलटं होतं. भार मांड्यांवर येतो, शरीर हार्नेसमध्ये खाली बसतं आणि तेच तीन इंच खांद्यांच्या वर निघतात. चेस्ट स्ट्रॅप गळ्याशी येतो, थ्री-रिंग कानांजवळ जातात, आणि कटअवे (बिघडलेली मेन सोडून द्यायचं) व रिझर्व्हची हँडल्स बरगड्यांवरून वर सरकतात.

खरा धोका इथे आहे. मालफंक्शनमध्ये (मेन नीट न उघडल्यास) तुमचा हात सरावाच्या जागी जातो. गरगर फिरणाऱ्या कॅनपीखाली मान वळत नाही, चेस्ट स्ट्रॅपने हनुवटी वर ढकललेली असेल तर खाली बघताही येत नाही, आणि हँडल तीन इंच वर सरकलेलं. रिग अंगाला बसते की नाही याचा अर्थ हाच की गरज पडेल तेव्हा हँडल तुमच्या हाताखाली असेल की नाही.

म्हणून उभ्याने घातलेल्या चाचणीवर निर्णय घेऊ नका, लटकून बघा. बहुतेक ड्रॉपझोनवर शिकवण्यासाठी छताला टांगलेले रायझर (हार्नेस आणि लाइन्सना जोडणारे पट्टे) असतात. परवानगी घेऊन रिगचे स्वतःचे रायझर थ्री-रिंगमधून सोडवायचे आणि ते टांगलेले जोडायचे. हे काम रिगर (पॅराशूट तपासून पॅक करणारा परवानाधारक) किंवा इन्स्ट्रक्टरकडूनच करून घ्या. नेहमीचा जंपसूट आणि बूट घाला. आधी लेग स्ट्रॅप जांघेपर्यंत वर ओढून ताठ उभं राहून आवळा, मग चेस्ट स्ट्रॅप, तो फक्त ढील जाईल इतकाच. आता पाय सोडून पूर्ण वजन टाका आणि दोन मिनिटं तसंच राहा. बघायचं ते असं: खांद्यावरचा पट्टा खांद्यापासून किती सुटला? दोन-तीन बोटं ठीक, अख्खी मूठ जात असेल तर पट्टा लांब आहे. चेस्ट स्ट्रॅप छातीच्या हाडावर राहिला की गळ्याकडे आला? दोन्ही हँडल मान न ताणता दिसतात का? शेवटी डोळे मिटून दोन्ही हात हँडलवर न्या. पाच वेळा करा, पाचही वेळा पहिल्याच प्रयत्नात सापडली पाहिजेत.

मेन लिफ्ट वेब आखूड असला तरी त्रासच, फक्त निराळा. लेग स्ट्रॅप आवळले की ताठ उभं राहता येत नाही, खांदे खाली ओढले जातात, हिप रिंग कमरेच्या वर पोटाशी येतात. अर्धा-एक इंच आखूड असेल तर गैरसोय आहे, पण हँडल जागेवर राहतात. तेवढाच लांब असेल तर मी जास्त सावध राहीन.

यानंतर लॅटरल, म्हणजे हिप रिंगपासून कंटेनरच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारे आडवे पट्टे. रिग घालून टेबलावर पोटावर झोपून आर्च करा (पोट खाली, छाती आणि पाय वर) आणि कोणाला तरी कंटेनर डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तो पाठीवर इकडे-तिकडे सरकत असेल किंवा कमरेच्या खळगीत मूठ मावत असेल तर लॅटरल लांब आहेत. अशी रिग फ्रीफॉलमध्ये तुम्हाला एका बाजूला वळवत राहते आणि दोष आपण आपल्या बॉडी पोझिशनला देत बसतो.

त्याच आर्चमध्ये उजवा हात मागे नेऊन पायलट शूटच्या (मेन ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) हँडलपर्यंत पोहोचतो का पाहा. ५ फूट ११ इंचाच्या माणसासाठी बनवलेला कंटेनर तुमच्या पाठीवर माकडहाडाच्या खाली जाईल, आणि हँडल त्याच्याही तळाशी असतं. हात पुरा ताणून बोटांची टोकं लागत असतील तर ते पुरेसं नाही, मुठीत पकड आली पाहिजे. लांब कंटेनर विमानातही त्रास देतो: बसल्यावर तळ बाकाला टेकतो आणि रिग वर ढकलली जाऊन मान पुढे वाकते.

रायझरची लांबीही तपासा. उंच माणसाचे रायझर २१-२२ इंचांचे असू शकतात. लटकलेले असताना टॉगलला (वळायला आणि वेग कमी करायला ओढायच्या मुठींना) हात सहज पोहोचला पाहिजे, आणि त्याच्या थोडं वर स्लायडरपर्यंतही (ओपनिंग सावकाश करत लाइन्सवरून खाली येणारं कापड), नाहीतर स्लायडर कोलॅप्स करायला दरवेळी धडपड. ही गोष्ट मात्र सहज बदलता येते, आखूड रायझरची नवी जोडी तुलनेने स्वस्त मिळते. फक्त रायझर बदलले की ब्रेक लाइनची (टॉगलला जोडलेल्या स्टिअरिंग लाइनची) लांबी पुन्हा तपासायची.

"हार्नेस नंतर बदलून घेऊ" असा सल्लाही मिळेल. मेन लिफ्ट वेब बदलणं म्हणजे मुख्य शिवण उसवून पुन्हा घालणं. ते कारखान्यात किंवा मास्टर रिगरकडे होतं, काही शे डॉलर आणि कित्येक आठवडे जातात, आणि योक, लॅटरल, पाठीची लांबी तरीही मोठीच राहते. ५ फूट ११ साठी बनलेल्या हार्नेसवर तो खर्च करू नये.

---

धागादोरा

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. तरी मेनबद्दल विचारलंय तर सांगते, कारण पुढच्या रिगलाही हेच प्रश्न येतील.

आधी साइझ. तुमचे ५८ किलो म्हणजे १२८ पाउंड. रिग, हेल्मेट, सूट, अल्टीमीटर मिळून २४ धरा, म्हणजे विमानातून बाहेर पडताना १५२ पाउंड. १९० वर विंग लोडिंग (कॅनपीच्या दर स्क्वेअर फुटामागे पाउंड) ०.८, १७० वर ०.८९, १५० वर १.०१. सुरुवातीला १.० च्या वर जायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण लहान चणीच्या लोकांसाठी तो पुरेसा नाही. कॅनपी लहान झाली की लाइन्सही आखूड होतात, त्यामुळे त्याच विंग लोडिंगला १५० ची कॅनपी २१० पेक्षा फार चपळ वळते आणि वळणात जास्त उंची गमावते. म्हणून तुमच्यासाठी १७० बरोबर आहे, १५० अजून नाही. तीसुद्धा विकत घेण्यापूर्वी भाड्याच्या १७० वर वीस-तीस जंप करा. ईलॉयची उंची १,५०० फूट. तिथे उन्हाळ्यात ४२ अंश झाले की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार धरायची उंची) ५,००० फुटांच्या आसपास जाते आणि कॅनपी समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ८ टक्के जास्त वेगाने येते. नव्या साइझची पहिली उडी जुलैच्या दुपारी नको.

सेबर २ ही निवड चांगली आहे. पायलट, सफायर २, स्पेक्टर, पल्स याही तुमच्या पातळीला चालतील. स्टिलेटो, कटाना किंवा त्यापुढचं काही "फार स्वस्तात" मिळत असलं तरी नको. नव्वदच्या दशकातली जुनी सेबर दिसेल, तिच्यावर २ चा आकडा नसतो. ती जोरात उघडण्याबद्दल ओळखली जाते. आणि पूर्ण एफ-१११ कापडाची मेन कितीही कमी जंपची म्हणून विकत असतील तरी टाळा. ते कापड काही शे जंपमध्ये हवा सोडायला लागतं आणि फ्लेअर (उतरताना टॉगल ओढून वेग मारणं) मरतो. झीरो पोरॉसिटी (हवा न सोडणारं) कापड त्याहून खूप टिकतं.

आता लाइन्स. ६२० जंपची स्पेक्ट्रा (लाइन्सचा एक धागा) म्हणजे रिलाइनची (सगळ्या लाइन्स बदलायची) वेळ झाली असंच धरायचं. स्पेक्ट्रा तुटण्याच्या कितीतरी आधी आखडते. ओपनिंगच्या वेळी स्लायडर घासत खाली येतो, त्या घर्षणाची उष्णता लाइनला आखडवते. कडेच्या लाइन्स आणि स्टिअरिंग लाइन्स स्लायडरच्या कड्यांवर जास्त घासतात, म्हणून त्याच जास्त आखडतात. मधल्या जवळपास तशाच राहतात. सगळ्या सारख्या आखडल्या असत्या तर एवढं बिघडलं नसतं. ट्रिम (लाइन्सच्या लांबीचा मेळ) बिघडतो तो या फरकामुळे: ओपनिंग वेडीवाकडी किंवा जोरात होतात, आणि स्टिअरिंग लाइन आखूड झाल्याने टॉगल पूर्ण वर असतानाही कॅनपी थोड्या ब्रेकमध्ये उडते. वेग मंदावतो, फ्लेअर दुबळा पडतो, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच लँडिंग जमत नाही.

जमिनीवर तपासायचं असेल तर दोन्ही बाजूंचे रायझर एकाच खुंटीला अडकवा, सारखा ताण देऊन डाव्या बाजूची प्रत्येक लाइन उजव्या बाजूच्या जोडीदाराशी जुळवा, मग कंपनीच्या ट्रिम चार्टमधल्या मापांशी. चार्ट कंपन्या देतात. डावी-उजवीत एक इंचाचा फरक दिसला तर रिलाइनचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोला. हवेत तपासायला आणखी सोपं: डेमो जंप मागा, उंचीवर असताना टॉगल पूर्ण वर सोडा आणि मागे वर बघा. स्टिअरिंग लाइन्सना मागच्या बाजूला कमानीसारखा सैल बाक दिसला पाहिजे, आणि टॉगल पहिले दोन-तीन इंच ओढल्यावर शेपटी हलता कामा नये. ताठ दोरी दिसली तर ती आखूड झालीय.

स्लायडरची कडी विसरू नका. कापसाचा बोळा घ्या आणि प्रत्येक ग्रोमेटच्या आतून हळू गोल फिरवा. तंतू जिथे अडकून राहील तिथे धातूला बारीक काटा आहे. डोळ्याला तो दिसत नाही, बोटालाही कधीकधी कळत नाही, पण प्रत्येक ओपनिंगला तोच लाइन खरवडत असतो. अशा स्लायडरवर नवा लाइन सेट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कापडात बघायच्या जागा: मधल्या सेलवर (कॅनपीच्या कप्प्यावर) ब्रायडल (पायलट शूटची पट्टी) जिथे जोडलेली आहे तिथला भाग, दोन्ही टोकांचे स्टॅबिलायझर (कडेला खाली लोंबणारं कापड), आणि लाइन अटॅचमेंटच्या शिवणी. रिगरने नीट लावलेलं ठिगळ असेल तर बिचकू नका. वाळूची करकर, खाऱ्या पाण्याचे डाग किंवा उन्हाने उडालेला रंग दिसला तर मात्र सोडून द्या.

---

पिनवाला

एएडीपासून सुरुवात करतो, तिथे हिशेब सरळ आहे. आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, विकत घेतल्यापासून नाही. व्हिजिल २० वर्षं, एम२ १५ वर्षं. सायप्रेस २ च्या जुन्या युनिटना साडेबारा, नंतरच्यांना साडेपंधरा. समोरचं युनिट कुठल्या गटात ते सिरियल नंबरवरून कंपनी सांगते. किंमत उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात. नवं युनिट १,४०० डॉलरचं धरलं आणि साडेपंधरापैकी पाच वर्षं उरली असतील, तर ४५० च्या आसपास योग्य. २०१२ चं व्हिजिल २०३२ ला संपतं, त्यावरून काढा, आणि बॅटरी कधी बदलली तेही विचारा. युनिट कुठल्या मोडवर आहे ते सुरू करून स्क्रीनवर बघा. दुसऱ्याने लावलेला मोड तुम्हाला चालेलच असं नाही, वेगाने लँडिंग करणाऱ्यांसाठीचा मोड तुमच्या कामाचा नाही.

आर्गस नावाचं एएडी कुठे जुन्या रिगमध्ये सापडलं तर त्याची किंमत शून्य धरा. २०११ मध्ये त्याच्या कटरच्या (रिझर्व्हचा लूप कापणाऱ्या भागाच्या) तक्रारींनंतर बहुतेक कंटेनर कंपन्यांनी आपल्या रिगमध्ये ते वापरायला मनाई केली.

रिझर्व्ह "कधीच वापरलेला नाही" हे ऐकून समाधान मानू नका. पीडीच्या रिझर्व्हवर एक छापील पट्टी असते, त्यात प्रत्येक रिपॅक (उघडून तपासून पुन्हा घडी घालणं) आणि प्रत्येक वापर यांसाठी चौकटी असतात. ४० रिपॅक किंवा २५ वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा तो तपासणीसाठी कारखान्यात पाठवावा लागतो. कारण घड्या घालण्या-उलगडण्यानेही कापड हवा सोडू लागतं, उघडला नसला तरी. वर्षाला दोन रिपॅक धरले तर २० वर्षांत ४० होतात. म्हणून उत्पादनाची तारीख आणि भरलेल्या चौकटी दोन्ही विचारा. बरेच रिगर २० वर्षांपुढचा रिझर्व्ह पॅकच करत नाहीत, तेव्हा आपल्या रिगरचं धोरण आधी विचारून ठेवा. सौदा झाल्यावर कळून उपयोग नाही.

रिगसोबत रिझर्व्हचं पॅकिंग डेटा कार्ड आलंच पाहिजे. अमेरिकेत रिपॅकची मुदत १८० दिवस आहे. कार्डावरच्या तारखांमध्ये मोठं खिंडार असेल तर तेवढा काळ रिग कुठे आणि कशी ठेवली होती ते विचारा. ईलॉयच्या उन्हात गाडीच्या डिकीत पडून राहिलेली रिग आणि घरात कपाटात ठेवलेली रिग यांत फरक असतो.

दूरच्या विक्रेत्याशी व्यवहार असेल तर रिग थेट घरी मागवू नका, आपल्या रिगरकडे मागवा. पैसेही त्याच्या तपासणीनंतर सुटतील असं आधी लेखी ठरवा. तपासणीसाठी रिझर्व्ह उघडावाच लागतो, म्हणजे रिपॅकचा खर्च येणारच, तो कोणाचा हे आधी बोलून घ्या. रिगरला हार्नेस, कंटेनर, रिझर्व्ह आणि एएडी या चारांचे सर्व्हिस बुलेटिन (कंपनीने काढलेल्या सुरक्षा-सूचना) तपासायला सांगा.

---

घारभरारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ती रिग सोडली. आता दुसरी एक दिसतेय: हार्नेस बी-१६, मालकीण ५ फूट ३ इंच, ५६ किलो. हार्नेस लटकून पाहिला, खांद्यापाशी दोन बोटं, हँडल डोळे मिटून सापडतात. पण कंटेनर १३५ च्या मेनसाठी आणि १२६ च्या रिझर्व्हसाठी बनलेला आहे, "ओढूनताणून १५०" जाते म्हणतात. यात १७० कोंबता येईल का?

---

तीन_रिंगा

नाही. पण तुम्ही नेमक्या त्या अडचणीपाशी पोहोचलात जी लहान चणीच्या प्रत्येकाला येते. जुन्या बाजारात लहान हार्नेस बहुतेक लहान कंटेनरला जोडलेला मिळतो, कारण तो ज्यांनी बनवून घेतला त्या अनुभवी होत्या आणि लहान कॅनपी उडवत होत्या. मोठ्या कॅनपीचा कंटेनर शोधला तर हार्नेस उंच माणसाचा निघतो. तुम्हाला हवा आहे लहान हार्नेस आणि १७०-१५० चा कंटेनर. अशा रिग कमी निघतात, पण निघतात. वाट बघा.

कोंबल्याने होतं काय ते सांगतो, कारण "ओढूनताणून" हा शब्द बाजारात फार ऐकू येईल. मेन जास्त भरली की क्लोजिंग लूप (फ्लॅप बंद ठेवणारा दोरीचा फास) लांब घ्यावा लागतो, फ्लॅप नीट बसत नाहीत आणि लूपमधली पिन उघडी पडते. विमानात कुठे घासली तर अवेळी ओपनिंग. रिझर्व्हच्या ट्रेमध्ये कोंबणं तर त्याहून वाईट. रिझर्व्हचा पायलट शूट उडाला तरी फ्रीबॅग (रिझर्व्हची आतली पिशवी) कप्प्यात घट्ट अडकलेली, ती ओढून काढायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्याकडे नसतो. चांगला रिगर अशी पॅकिंग नाकारतो.

उलट दिशेचाही धोका लक्षात ठेवा, पुढे डाउनसाइझ करताना उपयोगी पडेल. कंटेनरला मेन लहान पडली की लूपवर ताण राहत नाही आणि पिन सैल बसते. एक साइझ खाली गेलात तर लूप आखूड करून बहुतेक वेळा भागतं. दोन साइझ खाली जाऊन भागत नाही, बॅग आत फिरते.

या दुसऱ्या रिगमध्ये मला रिझर्व्हचीच जास्त काळजी वाटते. १२६ वर तुमचं विंग लोडिंग १.२ होईल. रिझर्व्हखाली तुम्ही आधीच एका मालफंक्शनमधून आलेल्या, कमी उंचीवर, कदाचित अनोळखी मैदानावर. आणि एएडीने उघडला असेल तर कदाचित बेशुद्ध. तिथे मेनपेक्षा फार लहान कॅनपीवर जायचं नाही. तुमच्यासाठी १६० किंवा १७६.

---

धागादोरा

एक वाट सुचवते. १५० साठी बनलेला लहान हार्नेसचा कंटेनर मिळाला तर त्यात काही कॅनपी मोठ्या साइझमध्येही रीतसर मावतात. स्पेक्टर सात सेलची आहे, त्याच साइझच्या नऊ सेलच्या कॅनपीपेक्षा कमी जागा घेते. पल्सचं कापड कमी जाडीचं, तीही लहान घडी होते. रिझर्व्हमध्ये पीडीचा ऑप्टिमम जुन्या 'आर' मालिकेपेक्षा (१७६आर त्यातलाच) साधारण एक साइझ कमी जागा घेतो, म्हणजे १४३ च्या ट्रेमध्ये ऑप्टिमम १६० बसण्याची शक्यता चांगली. यात अंदाज नको: कंटेनर कंपनीला सिरियल नंबर आणि नेमकी मॉडेल-साइझ पाठवा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.

सिरियल नंबरचा आणखी एक मोठा उपयोग आहे. कंटेनर कंपन्या बहुधा त्यावरून सांगू शकतात की ही रिग मूळ कोणत्या मापांसाठी शिवली: उंची, वजन, धड, मांडीचा घेर, छाती. सोबत तुमची मापं त्यांच्या ऑर्डर फॉर्मप्रमाणे पाठवलीत तर ती जुळतात की नाही हेही सांगतात. मापं स्वतः घेऊ नका, दुसऱ्याकडून घ्या. टेप धरायला आपण वाकलो की धडाचा आकडा चुकतो. दूरच्या शहरातली रिग केवळ पाहायला जाण्याआधी एवढं करून घेतलं तर बऱ्याच चकरा वाचतात.

---

पिनवाला

ज्या छोट्या गोष्टी विक्रेता "किरकोळ" म्हणून सांगत नाही त्यातल्या दोन अजिबात किरकोळ नाहीत.

एक, पायलट शूटची स्पँडेक्सची पिशवी. वापराने ती सैल पडते. पायलट शूट आत घालून रिग उलटी धरून झटका द्या. तो बाहेर सरकला तर पिशवी बदलायची. फ्रीफॉलमध्ये तो आपोआप बाहेर आला की हॉर्सशू (अर्धवट उघडलेलं पॅराशूट अंगाला अडकण्याचा प्रकार) होऊ शकतो. पिशवी बदलणं स्वस्त आहे, रिगर करून देतो.

दोन, पायलट शूटची किल लाइन (ओपनिंगनंतर त्याला मिटवणारी मधली दोरी). तीही आखडते. पायलट शूट कॉक करून (फुगण्याच्या स्थितीत आणून) ताणा आणि आतली मधली दोरी चाचपा: ताण कापडाच्या टोकावर यायला हवा आणि किल लाइन किंचित सैल असायला हवी. तीच ताठ असेल तर पायलट शूट पूर्ण फुगत नाही, ओपनिंगला उशीर होतो आणि दिवसेंदिवस वाढत जातो. ब्रायडलवर रंग दाखवणारी खिडकी असेल तर कॉक केल्यावर रंग पूर्ण दिसला पाहिजे.

आणि सिस्टीम आरएसएल (मेन सोडली की रिझर्व्ह आपोआप उघडणारी पट्टी) असलेली घ्या. पायलट शूटचं हँडल कंटेनरच्या तळाशी असलेलं, म्हणजे तुम्ही शिकलात तेच. जुन्या रिगवर लेग स्ट्रॅपवरचं किंवा पुल-आउट (हँडलने थेट पिन ओढायची पद्धत) मिळालं तर स्वस्त असलं तरी सवय बदलायची ही वेळ नाही.

---

घारभरारी

एक शेवटचं: रिझर्व्हचं हँडल धातूचं असावं की मऊ उशीसारखं? आणि मिळेपर्यंत भाड्याने किती दिवस काढावेत?

---

तीन_रिंगा

हँडलवर दोन मतं आहेत. मऊ उशी कुठे अडकत नाही, म्हणून फ्रीफ्लाय करणारे ती पसंत करतात. तुमच्या जंपसंख्येला मी धातूचं म्हणेन: हातमोजे घातलेल्या लहान हाताने अंगठा आत घालून ओढता येतं, आणि डाव्या-उजव्या हँडलमधला फरक न बघता स्पर्शाने कळतो. रिग दुसऱ्या सगळ्या बाबतीत बसत असेल तर केवळ यासाठी सोडू नका, हँडल रिगर बदलून देऊ शकतो.

भाड्याला दिवसांची मर्यादा ठेवू नका. भाड्याच्या १७० वर उडत राहा, तेवढ्यात शोधही चालू द्या. सध्या विक्रेत्यांना पहिला मेसेज असा पाठवा: हार्नेसच्या लेबलचा स्पष्ट फोटो, कंटेनरचा सिरियल नंबर, मेन आणि रिझर्व्हची उत्पादन तारीख, रिझर्व्हवरच्या पट्टीत भरलेल्या चौकटींची संख्या, एएडीचा सिरियल नंबर, आणि पॅकिंग डेटा कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो. हे सहाही तुकडे आले की ते इथे टाका, सिरियल नंबर मात्र झाकून. माप जुळतं का ते आपण मिळून बघू.